राजाचं सुतक

पेशंट सांभाळायच्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कोणी विचारलं, तर मी सांगेन, टीव्ही बघण्यात. ऐकणाऱ्याला वाटेल, मग पगार कशाचा घेता? पण काम आहेच तसं. सकाळी गेल्याबरोबर अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चादर ताणून घालायची, कारण चादरीची एक सुरकुती म्हाताऱ्या पाठीला जखम करते. मग केस, औषध, नाश्ता. त्यानंतर थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची आणि बाकी वेळ जवळ बसून राहायचं. झोपायचं नाही. घरातल्यांच्या बोलण्यात पडायचं नाही. पेशंटचं तोंड टीव्हीकडे असतं, म्हणून आपलंही असतं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर बरं आहे, पण चार लोकांत बोलायला मला जमत नाही. हे काम मला त्यामुळेच मानवलं. सगळ्या घरांत मला मावशी म्हणतात आणि माझं खरं नाव विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही. मलाही ते सोयीचं वाटतं. आता ज्या घरी आहे तिथल्या वहिनींनी मात्र नाव विचारलं आणि हे लिहून काढायलाही त्यांनीच सांगितलं. दिवाळी अंकाला पाठवू म्हणतात. मी म्हटलं, आधी लिहून तर होऊ दे.

लिहायचं आहे ते त्या राजघराण्याच्या मालिकेबद्दल. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिला बक्षिसं मिळाली, पेपरात लिहून आलं आणि ‘आम्ही मालिका बघत नाही’ म्हणणारे लोकही ती बघायला लागले. समुद्रकाठचं एक छोटं राज्य. थोरले महाराज, राणीसाहेब, दोन युवराज आणि महाराजांची विधवा बहीण आक्कासाहेब. कोठाराच्या किल्ल्या आक्कासाहेबांच्या कमरेला. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. कोणी शिंकलं की ढोल वाजतात असलं तिच्यात काही नाही. महाराजांचे गुडघे दुखतात. राणीसाहेबांना थोरल्या मुलाशी काय बोलावं ते सुचत नाही. एवढी मोठी माणसं, पण जेवायला कोणी कोणाच्या शेजारी बसायचं यावरून रुसतात. ते रुसवे मी आमच्या सातिवलीच्या चाळीतही पाहिले आहेत आणि बंगल्यांतही. ज्या घरात आजारी माणूस असतं त्या घरात किल्ल्या कोणाकडे आहेत ते दोन दिवसांत कळतं. म्हणून मला मालिका समजायला कधी अडचण आली नाही.

ही मालिका मी पहिल्यांदा बघितली ती एका सरांच्या घरी. वसईला, चर्चच्या मागच्या बाजूला, केळीच्या वाडीतलं घर. सर शाळेतून रिटायर झालेले. पडून खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिला ते रोज परत पाठवायचे. ती पाय उचला म्हणाली की हे तिला व्याकरण विचारायचे. ती बिचारी रडकुंडीला यायची.

मालिका लागली की सर टीव्हीवर ओरडायचे. “हा राजा कुठे होऊन गेला? पुरावा काय? कोणत्या बखरीत आहे?” मी रिमोट उचलला की म्हणायचे, “राहू दे. चुका मोजायला हव्यात कोणीतरी.”

एकदा सैन्य निघालं. घोडे, नगारे, धूळ. माझं लक्ष चादरीकडे गेलं. ऑपरेशनचा पाय चादरीखाली नगाऱ्यावर हलत होता.

मी हळूच म्हटलं, “सर, पाय हलतोय तुमचा.”

“तो निषेध आहे,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी व्यायामाच्या मुलीला घोडे निघायच्या वेळेला बोलावलं. मग रोजचंच झालं. लढाई असली की पाय छान उचलला जायचा आणि तह झाला की सर चिडायचे. “या राजाला लढायाच कमी. माझा पाय बरा व्हायचा कसा?” नाताळला ते वॉकर घेऊन चर्चच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेले. पेशंट चालायला लागला की आमची ड्युटी संपते. आमच्या कामात यश असं असतं, की दुसऱ्या दिवशी आम्हाला कामं देणाऱ्या ब्युरोत जाऊन नवीन घर मागायचं. पुढे सर गेले ते मला खूप उशिरा कळलं, तेही बाजारात केळी घेताना. मावशीला कळवायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्यांचा राग नाही, पण मयतीला जायला हवं होतं असं अजून वाटतं.

तर आता मी ज्या घरी आहे तिथल्या आजींची गोष्ट.

वसईच्या पूर्वेला खाडीकडच्या एका गावात ही आजी. शेतकरी घर. शेती आता नावापुरती आहे, मुलाचं वालीवला वर्कशॉप आहे आणि सून वसईला कोर्टात नोकरीला. त्यांना मी दादा आणि वहिनी म्हणते. आजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात आणि डावा पाय अधू झाला आणि त्यानंतर विसर सुरू झाला. मुलाला कधी भाऊ समजायच्या, कधी ओळखायच्याच नाहीत. मला त्या बाय म्हणतात. घराबाहेर पडायला तयार नसायच्या. अंगणातसुद्धा नाही.

पण मालिकेतलं त्यांना सगळं आठवायचं. कोणत्या युवराजाने कोणाला काय शब्द दिला, आक्कासाहेबांनी विष कुठे लपवलं, सगळं. महाराज दिसले की पदर डोक्यावर घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, “बाय, त्याला पानी दे.” मी उठून तांब्या टीव्हीसमोर ठेवायची. पेशंटशी वाद घालायचा नाही हे आमचं पहिलं शिक्षण.

रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात. माझी ड्युटी दिवसाची आणि आजी रात्री लवकर झोपायच्या, म्हणून आम्ही तोच बघायचो आणि त्याच वेळी मी आजींना जेवण भरवायची. विसराच्या पेशंटला भरवणं ही एक कला आहे. त्यांना उठवून ताठ बसवायचं, हनुवटी खाली ठेवायची, लहान चमचा घ्यायचा, गिळल्याचं गळ्यावर बघायचं आणि मगच पुढचा घास. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. मालिका चालू असली की आजी सावकाश, नीट गिळायच्या. जाहिरात लागली की तोंड मिटायच्या. म्हणून जाहिरातीत मी त्यांच्या मागच्या उशा ठीक करायची.

त्या दिवशी मी वरणभात कालवून बसले होते. आदल्या रात्री दादा-वहिनी लग्नाला गेलेले, त्यांनी भाग बघितला नव्हता, त्यामुळे मला सावध करणारं कोणी नव्हतं. पडद्यावर वैद्य आले, आक्कासाहेब दाराशी उभ्या राहिल्या आणि महाराज गेले. काम करणारा नट एवढा चांगला की माझेही डोळे भरले. मी चमचा पुढे केला. आजींनी तोंड मिटून घेतलं.

मला वाटलं, जाहिरात आली म्हणून. पण जाहिरात नव्हती. आजींनी उजव्या हाताने ताट लांब सारलं आणि म्हणाल्या, “राजा गेला गो बाय. चूल इझव.”

मग त्या पलंगावरून खाली सरकायला लागल्या. पडतील म्हणून मी त्यांना धरून खाली चटईवर बसवलं, मागे उशा लावल्या. त्या तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी वहिनी आल्या, त्यांनी प्रयत्न केला. दादा आले, ते हसत म्हणाले, “आये, तो नट आहे गं. आता घरी जाऊन चहा पीत असेल.”

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. “घरातला मानूस गेला आनि तू हसतस?”

दादांचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी घ्यायच्या, तेही दोन घोट. पेज नको, दूध नको, आवडीचा शिरा नको. दादांनी मोबाईलवर मालिकेचे जुने भाग काढून महाराजांना चालताबोलताना दाखवलं. आजींनी डोळ्यांवर हात घेतला. “मेल्या मान्साचा तोंड काय दाखवतस?” म्हणून रडायला लागल्या. दादा मोबाईल खिशात घालून अंगणात जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी आले. चांगले आहेत, समजावून बोलतात. त्यांनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. म्हणाले, “संध्याकाळी मी परत येतो. तोवर काही गेलं नाही पोटात, तर दवाखान्यात न्यावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. या वयात थांबता येणार नाही.”

नळी काय असते ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. नाकातून पोटापर्यंत बारीक नळी जाते आणि तिच्यातून पातळ अन्न सोडतात. ज्याला समज आहे त्याला ती सोसते आणि ती जीवही वाचवते. पण विसराच्या पेशंटला कळत नाही, नाकात काय आहे. तो ती ओढतो. मग दवाखान्यात हात पलंगाला बांधतात. मी असे बांधलेले हात पुष्कळ पाहिले आहेत. त्यातले काही पेशंट नळीसकट घरी आले आणि मग त्यांनी तोंडाने खाल्लंच नाही. आजींचा एकच हात चांगला होता. तोच बांधला गेला असता.

डॉक्टर गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कोर्टात अर्ध्या दिवसाची रजा सांगितली होती. कुकर लावलेला होता. शिटी झाली आणि बाहेरून आजींचा आवाज आला, “चूल कोनी पेटवली? इझव सांगितला ना!”

थोड्या वेळाने फाटक वाजलं. गॅसवाला होता. आजी मान वाकडी करून दाराकडे बघत होत्या. “कोन आला? हातात काय हाय त्याच्या?”

“सिलेंडर,” मी म्हटलं.

“दुसरा काय नाय?” आणि मान परत खाली.

आदल्या दिवशीही फाटक वाजलं की त्या असंच विचारत होत्या. मी वहिनींना ते सांगितलं. वहिनींनी गॅस बंद केला.

“मावशी, सुतक,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मनात मयताचं घर आहे हे. मयताच्या घरात चूल कुठे पेटते? जेवण शेजारून येतं. त्या उपाशी नाही राहिलेल्या. वाट बघताहेत.”

आमच्या गावी त्याला कडू घास म्हणतात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी पहिलं जेवण शेजारी आणतात, पिठलं-भाकरी, साधंच. घरच्यांनी नको म्हटलं तरी हाताला धरून भरवतात. मी लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण टीव्हीतल्या राजासाठी कोणी ती धरून बसेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

“मग शेजारी सांगा की,” मी म्हटलं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. “काय सांगू? मालिकेतला राजा मेला, पिठलं द्या? गावात सून आहे मी. आणि मला आता निघावंच लागेल, आज तारखा आहेत. मावशी, तुम्ही जाल? हिरूबाईंकडे?”

मी ज्या घरी ड्युटीला असते त्याच्या शेजारच्या घराचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता. रस्त्याने जाताना खाली बघून जाते. कोणाकडे कधी काही मागितलं नाही. ‘नाही’ तोंडात आलं होतं. तेवढ्यात आजींनी मला हाक मारली, पाणी मागितलं आणि पेला त्या एका हाताने धरला. मी वहिनींना म्हटलं, “तुम्ही निघेपर्यंत त्यांच्यापाशी बसा. मी जाऊन येते.”

हिरूबाई गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घरातल्या. अंगणात पाटावर बसून मासळी साफ करत होत्या. शेजारी पायरीवर फिलूआंटी बसलेल्या. त्यांचं माहेर-सासर वसईकडच्या ख्रिस्ती गावातलं, मुलाने इकडे घर बांधलं म्हणून आल्या. दोघी बोलत होत्या त्या मला बघून थांबल्या. मी फाटकापाशीच उभी राहिले.

“काय गो, आत ये. काय पायजे?” हिरूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “जेवण पाहिजे होतं.”

“तुना? जेवली नाय तू?”

“मला नको. आजींना. म्हणजे सुतकाचं.”

हिरूबाईंच्या हातातला कोयता थांबला. “अरे देवा! कोन गेला?”

“महाराज,” मी म्हटलं.

“कंचा महाराज?”

“मालिकेतले.”

फिलूआंटी आधी हसल्या. मग हिरूबाई हसल्या. मला वाटलं, मागे वळावं आणि पळावं. पण फाटकाची कडी मी धरून ठेवली होती, ती सोडली नाही. सगळं सांगितलं. चूल, फाटक, नळी, बांधलेला हात. इतकं मी एका दमात कधी बोलले नसेन.

हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. हिरूबाईंनी कोयता खाली ठेवला.

“त्या आक्कानंच मारला त्याला,” त्या म्हणाल्या. “मी पयल्या दिवसापास्नं सांगतेय.”

“आक्काने नाही मारला,” फिलूआंटी म्हणाल्या. “म्हातारा होता, गेला. तू ना, हिरू, सगळ्या नणंदांना एकाच मापाने मोजतेस.”

“माजी नणंद बघितलीस काय तू?” असं म्हणून हिरूबाई उठल्या. नंतर माझ्याकडे न बघता बोलल्या. “बाय, तुला म्हायती नसंल. तिचा नवरा कोरोनात गेला. दवाखान्यात नेला तो आलाच नाय. या गल्लीला बांबू लावलेला. मी भाकऱ्या भाजल्या, पिठला केला, टोपली घेवून या फाटकात उभी रायली. कोनी सोडला नाय. त्या बांबूपलीकडं ती दारात बसलेली दिसत होती. भाकऱ्या परत आनून ठेवल्या. कोनाच्या घशाखाली गेल्या नाय.”

फिलूआंटींनी पायरीवरून उठत विचारलं, “आमच्यातही मयताच्या घरी पहिलं जेवण शेजाऱ्यांचंच. पण माझ्या हातचं चालेल ना त्यांना?”

“आता इचारतेस?” हिरूबाई म्हणाल्या. “तुज्या नातालच्या करंज्या ती लपवून खाते, तवा नाय इचारलास. जा, पेज कर. भाकरी तिला गिलता येल का नाय कुनास ठाव.” मग आतल्या नातसुनेला हाक मारली, “ह्यो म्हावरा फ्रीजमधी टाक गो. आज नाय करायचा.”

मी परत आले. वहिनी निघाल्या होत्या, त्यांनी माझा दंड धरून दाबला.

दोघी आल्या तेव्हा दुपार झाली होती. हिरूबाईंच्या डोक्यावर पदर, हातात फडक्याने झाकलेली टोपली. फिलूआंटींच्या हातात पेजेचा टोप. पाठोपाठ गल्लीतल्या आणखी बायका. मला वाटलं होतं, येतील, ताट ठेवतील, जातील. पण हिरूबाई दारातूनच “कसा गो जाला असा!” म्हणून रडत आत आल्या आणि आजींच्या गळ्यात पडल्या. मी इतकी वर्षं मयताची घरं बघते. खोटं रडणं मला ओळखता येतं. हे खोटं नव्हतं.

आजी पण रडल्या. दोन दिवस नुसत्या बसलेल्या, त्या आता मोकळ्या रडल्या.

“कसा गेला गो?” हिरूबाईंनी विचारलं. ही आमच्याकडची रीतच आहे, आलेल्याने विचारायचं आणि घरच्याने सांगायचं.

आजी सांगायला लागल्या. “ताप आलेला. वैद्य आला. मंग गाडी आली, पांढऱ्या कापड्यातली मान्सा आली. मी म्हनला, डबा तरी द्या त्याच्या संगती. नाय दिला. त्याचा तोंड दाखवला नाय मना. मी इथंच बसलेली. कोनी आला नाय.”

राजाच्या गोष्टीत पांढऱ्या कपड्यातली माणसं नव्हती, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

“येवाला पायजे होता आमी,” हिरूबाई म्हणाल्या. “येवाला दिला नाय. आता आलेव. तुजा घास आनलाय.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी जवळ सरकून म्हटलं, “पेजेत भिजवा. लहान घ्या. हनुवटी खाली.” हिरूबाईंनी तसंच केलं. घास आजींच्या ओठांशी आला. त्यांनी एकदा मान फिरवली. फिरवायचीच असते, लगेच खात नाहीत. हिरूबाईंनी डाव्या हाताने त्यांची मान धरली आणि म्हणाल्या, “घे.” आजींनी तोंड उघडलं.

मी गळ्याकडे बघत होते. गळा हलला. घास खाली गेला.

मग दुसरा फिलूआंटींच्या हातून, चमच्याने पेज. बायका एकेक करून भरवत होत्या आणि मी फक्त ‘थांबा’, ‘आता द्या’ एवढं म्हणत होते. टोपात तळाला थोडी पेज राहिली, बाकी गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले. आजी चटईवर बसल्या होत्या, भोवती बायका होत्या. आजींनी काय काय खाल्लं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी परत कातडी चिमटीत धरली, नाडी बघितली. “हे कसं जमवलंत?” त्यांनी विचारलं. हिरूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, तुमी ती मालिका बघता काय?” ते म्हणाले, “बायको बघते.” “मंग तिला इचारा.” ते हसले आणि पाणी जास्त पाजायला सांगून गेले. नळीचं नाव निघालं नाही.

दादा वर्कशॉपमधून आले ते दारातच थांबले. हिरूबाईंनी त्यांना हाताने जवळ बोलावलं. टोपलीत भाकरी उरली होती. “बस. तू पन घे. तुजा पन रायलाय.”

दादा चपला काढून आईशेजारी खाली बसले. त्यांनी भाकरी हातात घेतली आणि खाल्ली, मान खाली घालून, सगळी.

त्यानंतर दहा दिवस त्या घरात चूल पेटली नाही. गल्लीतून डबे येत होते. दहाव्या दिवशी दादांनी भाताचा गोळा कावळ्याला ठेवला. कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कावळा मात्र लगेच आला. आमच्या चाळीच्या गॅलरीत भाजीची पिशवी ठेवली तरी तो येतो, त्यामुळे मी त्यात फार काही बघत नाही. वहिनींना बरं वाटलं एवढं खरं.

मालिकेत तोवर थोरल्याने नाही म्हटल्यामुळे धाकट्या युवराजांच्या राज्याभिषेकाची तयारी चालली होती. आजी ती बघायच्या आणि जेवायच्या. डबा शेजारचा असला की काही तक्रार नव्हती.

एक राहिलं होतं. सुतक फिटलं की दुःखातल्या माणसाला कोणीतरी आपल्या घरी जेवायला नेतं. त्याशिवाय तो माणूस बाहेर पडत नाही. मी ते विसरले होते, हिरूबाई विसरल्या नव्हत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून आल्या आणि आजींसमोर उभ्या राहिल्या.

“ऊठ. माज्या घरी चल. खीर केलीय.”

मी मनात म्हटलं, ही येणार नाही. झटका आल्यापासून त्या अंगणातही आल्या नव्हत्या. आम्ही किती वेळा चाकाची खुर्ची आणली आणि परत ठेवली. आजींनी हिरूबाईंचा चेहरा बघितला, लुगडं बघितलं, आणि मला म्हणाल्या, “बाय, माजा चांगला लुगडा काढ.”

दादांनी खुर्ची ढकलली. पायरीवर हिरूबाईंनी आणि मी धरलं. गल्ली काही फार मोठी नाही, पण ती पार करायला आम्हाला वेळ लागला, कारण आजी प्रत्येक दाराशी थांबवायच्या. हे घर कधी बांधलं? इथला आंबा कुठे गेला? एका पोराला बघून म्हणाल्या, “ह्यो कोनाचा?” त्याच्या आजीने सांगितलं. आजींना ते लगेच पटलं, “नाक तसाच हाय.”

हिरूबाईंच्या घरी टीव्ही लावलेलाच होता. फिलूआंटी आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांनी करंज्या आणल्या होत्या. त्या दिवशीच्या भागात राज्याभिषेक होता. धाकटे महाराज सिंहासनावर बसले. पोरगा लहान, मुकुट त्याला थोडा मोठा होत होता आणि तो सारखा हाताने मागे सारत होता. आक्कासाहेबांनी कमरेच्या किल्ल्या काढून राणीसाहेबांपुढे ठेवल्या.

“आता ठेवल्या,” हिरूबाई म्हणाल्या. “आता काय उपेग?”

“ठेवल्या ना? मग सोड आता तिला,” फिलूआंटी म्हणाल्या.

आजी धाकट्या महाराजांकडे बघत होत्या. “कोवला हाय अजून,” त्या म्हणाल्या. “शिकंल.”

मी खिरीची वाटी घेऊन लहान चमचा भरत होते. जाहिरात लागली म्हणून सवयीने हात थांबवला. आजींनी उजवा हात लांब करून माझ्या हातातली वाटी घेतली, मांडीवर ठेवली आणि चमच्याने आपली आपण खाल्ली. थोडी लुगड्यावर सांडली. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती हिरूबाईंपुढे धरली.

आमच्या कामात संध्याकाळी घरच्यांना दिवसभराचं सांगून निघायचं असतं. औषध दिलं, अंग पुसलं, शी झाली, झोप लागली. त्या संध्याकाळी वहिनींना सांगायला माझ्याकडे एकच वाक्य होतं, आणि इतक्या वर्षांत मी ते फार कमी घरांत म्हणू शकले आहे.

“आज आजींनी मागून खाल्लं.”